वारा, सुकाण आणि सोनार



आजच्या विषयाची पाटी बाहेर लागली आहे. ती वाचून एका गृहस्थांनी आम्हांला आत येताना अडवले आणि विचारले, "वारा समजला, सुकाण समजले, पण त्यात हा सोनार कशाला?" त्याचा खुलासा आधीच केलेला बरा. दागिने घडवणारा सोनार या व्याख्यानात नाही. पाण्यात आवाज सोडावयाचा, तो खाली आपटून परत आला की टिपावयाचा, आणि त्यावरून पाण्याच्या पोटात काय आहे ते पडद्यावर दाखवावयाचे, असे जे यंत्र आहे त्याला सोनार म्हणतात. सोनारानेच कान टोचावे, ही म्हण या यंत्रालाही थोडीशी लागू पडते. कशी, ते पुढे येईल.

दुसरी शंका अशी की, पाली हे काही बंदर नव्हे. बल्लाळेश्वराच्या या गावात होडीची चर्चा कशासाठी? तर आपली अंबा नदी नागोठण्याला भरतीच्या पाण्याला भेटते आणि पुढे धरमतरच्या खाडीने समुद्राला मिळते. समुद्र आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. शिवाय सध्या आगोटीचे दिवस आहेत. घरोघरी सुके बोंबील, जवळा, सोडे भरून ठेवण्याची धांदल चालू असेल. बोंबलाची जुडी हातात घेऊन आपण भाव करतो. तो करावाच, आमचे त्याला काही म्हणणे नाही. पण त्या जुडीमागे होडीवर माणसे किती होती आणि किती असावयास हवी होती, हा प्रश्न आम्हांला आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. तेवढ्यासाठी वाऱ्याची आणि यंत्राची गोष्ट आधी सांगितली पाहिजे.

आम्ही जन्माने कोळी नाही आणि शिकून इंजिनियर झालेलो नाही. कामगारांची संघटना बांधण्याच्या कामात आमचे आयुष्य गेले. जे काही शिकलो ते बैठकांमधून, जुन्या पुस्तकांमधून आणि ज्यांची कैफियत लिहावयाची त्यांच्याबरोबर उठून-बसून शिकलो. रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या खलाशांचे प्रश्न हाती आले तेव्हा त्यांच्याबरोबर समुद्रावर जाणे भाग पडले. पोटात ढवळून येते, पण माहिती पक्की होते.

आता यंत्राकडे वळू. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर वेगाने जातो. हवेत जातो त्याच्या चौपटीहून अधिक. समजा, होडीखाली 30 मीटर, म्हणजे सोळा वाव पाणी आहे. होडीच्या तळाला बसवलेल्या चकतीतून आवाजाचा ठोका सुटला की तळापर्यंत 30 आणि परत 30 अशी 60 मीटरची फेरी तो सेकंदाच्या पंचविसाव्या भागात पुरी करतो. मध्ये माशांचा थवा असला तर तिथूनही थोडा आवाज परत येतो, आणि पडद्यावर तळाच्या वर एक डाग उमटतो. बस्, एवढेच तत्त्व. पूर्वी शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडून वाव मोजीत, तेच काम आता आवाज करतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ही विद्या जहाजांसाठी आणि पाणबुड्यांसाठी वाढली. मासेमारीत ती आणली ती जपानच्या फुरुनो बंधूंनी, 1948 साली. होड्यांवरच्या विजेची कामे करणारे ते कारागीर. युद्धातून उरलेले खोली मोजण्याचे यंत्र घेऊन त्यांनी ते माशांच्या मागे लावले. विद्यापीठाच्या बाहेरही काही शोध लागतात, हे आमच्यासारख्यांना ऐकावयास बरे वाटते.

यात एक मौजेची गोष्ट आहे. आवाज माशाच्या मांसावरून फारसा परतत नाही. तो परततो मुख्यतः माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. घोळ माशाची हीच पिशवी, जिला आपले कोळी बोत म्हणतात, बाजारात मोठ्या मोलाने विकली जाते. तारलीलाही ती असते. पण बोंबलाला ती मुळीच नसते. त्यामुळे आपल्या किनाऱ्याचा राजा या परदेशी यंत्राला नीट दिसत नाही! डोल जाळ्याचे कोळी त्याबद्दल फारशी फिकीर करीत नाहीत, कारण त्यांचे जाळे खुंटांना बांधून एका जागी राहते आणि भरती-ओहोटीचा ओढ बोंबील आणून त्यात घालतो. यंत्राची हाव सुटली आहे ती थव्यामागे धावणाऱ्यांना, फिरते जाळे टाकणाऱ्या यांत्रिक नौकांना. त्यांच्यावर हे यंत्र आता नवलाचे राहिलेले नाही.

साध्या यंत्राचे चित्र सरकत्या पट्टीसारखे असते. उजव्या कडेला जे दिसते ते आताचे. त्याच्या डावीकडे दिसते ते होऊन गेलेले. होडी ज्या पाण्यावरून आली त्या पाण्याचा तो इतिहास आहे. नवा तांडेल पडद्याच्या मध्यावर मोठा लाल डाग पाहतो आणि "आलो, आलो" म्हणून जाळे सोडावयास सांगतो. मासे तोवर मागे राहिलेले असतात. वारा आणि ओढ मिळून होडीला ताशी 2 सागरी मैलांनी वाहवत असतील तर एका मिनिटात ती 60 मीटर सरकते. एवढ्या वेळात चहाचा अर्धा पेलाही संपत नाही.

हा दोष घालवण्यासाठी अलीकडे जिवंत चित्र दाखवणारे सोनार निघाले आहे. चकतीत अनेक बारीक तुकडे बसवून आवाजाची दिशा फिरवतात, आणि समोरचा मासा हलताना दिसतो. 2018 पासून ते अमेरिकेत गोड्या पाण्याच्या तळ्यांवर हौशी मासेमारांच्या हाती आले. बास नावाचा मासा गळाने धरण्याच्या तिथे मोठ्या शर्यती होतात. एका तरुण सहकाऱ्याने आम्हांला त्याची चित्रफीत दाखवली. एकटा मनुष्य चपट्या होडीच्या पुढच्या टोकाला उभा, पायाशी पडदा, होडीच्या नाकाला विजेची लहान मोटर. ती मोटर उपग्रहाकडून जागा विचारून घेते आणि वारा ढकलील तसतशी होडीला मूळ ठिकाणी आणून ठेवते. चित्रफीत पाहून आमचा सहकारी म्हणाला, "बघा, एक माणूस पुरतो." आमचे कान टवकारले ते या वाक्याला. हेच वाक्य आम्ही बंदरावर मालकांच्या तोंडून निराळ्या शब्दांत ऐकत होतो.

परंतु त्या शर्यतवाल्यांनाही वाऱ्याने सोडलेले नाही. होडीचे नाक वाऱ्याकडे ठेवा, नाही तर मोटर पाण्याबाहेर येईल. वारा फार झाला तर कापडी पिशवी पाण्यात सोडून होडीचा वेग आवरा. होडीचे तोंड फिरले की पडद्यावरचे चित्रही फिरते आणि मासा हरवतो, ही शिकवण त्यांच्यातही आहे. आणि ते तळे आहे. तिथे भरती नाही, ओहोटी नाही, मागे शेपन्नास वाव जाळे लोंबकळत नाही.

आता वाऱ्याकडे या. सुकाण कशावर चालते? सुकाणाच्या फळीवरून पाणी वाहिले तरच ती होडीला वळवते. होडीला वेग असला की सुकाणात जीव असतो. वेग गेला की सुकाण म्हणजे नुसती लाकडाची फळी. वाऱ्याचे तसे नाही. होडी पळत असो की उभी असो, तिचा जेवढा भाग पाण्यावर आहे, उंच नाळ, केबिन, रचलेली जाळी, त्या सगळ्याला तो ढकलतो. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा रेटा चौपट होतो. थवा शोधताना तांडेल काय करतो? इंजिन मंद करतो. भरधाव होडीखाली फेस आणि हवेचे बुडबुडे होतात, त्यांत आवाज अडकतो आणि चित्र पुसले जाते. म्हणून वेग कमी करणे भागच आहे. म्हणजे पाहा, सुकाण जेव्हा सर्वांत दुबळे असते आणि वारा सर्वांत शिरजोर, नेमक्या त्याच वेळी तांडेलाचे डोळे समुद्रावरून उठून पडद्यावर जातात. या यंत्राची सगळी मेख इथे आहे. यंत्र वाईट नाही. ते डोळे मागते, आणि डोळे माणसाला दोनच आहेत.

अशा वेळी होडी काय करते, हे कोणताही जुना खलाशी सांगेल. ती वाऱ्याला आडवी होते. इंजिन सोडून दिलेली होडी बहुधा वाऱ्याला कूस देऊन पडते आणि डोलू लागते. डोलली की यंत्रही आंधळे होते. आवाजाचा झोत दिव्याच्या झोतासारखा असतो. 20 अंशांचा झोत 30 मीटर खोलीवर जेमतेम साडेदहा मीटर रुंदीचा गोल उजळतो. होडी 15 अंश कलली तर तो गोल 8 मीटर बाजूला सरकतो. पडदा बिचारा काही सांगत नाही. तो सगळे आपल्या पोटाखालीच आहे असे समजून चित्र काढीत राहतो. तेव्हा ज्याला यंत्राचे चित्र खरे हवे, त्याने आधी होडी वाऱ्यात सरळ धरली पाहिजे. सोनाराने कान टोचावयाचे ते इथे.

ती कशी धरावयाची, हे आम्ही एका वयस्क तांडेलाकडून पाहिले, ते आपल्याला सांगतो. यंत्र सुरू करण्यापूर्वी तो बावट्याकडे पाही. मग अर्धी पाण्याने भरलेली, बूच घट्ट लावलेली बाटली तो पाण्यात टाकी. आम्ही समजलो, काही नवस असेल. नवस नव्हता. अशी बाटली बुडती-तरंगती राहते, वाऱ्याला तिचे अंग सापडत नाही. ती जाते फक्त पाण्याच्या ओढीबरोबर. होडीवर मात्र वारा आणि ओढ दोन्ही चालतात. तेव्हा पाच मिनिटांत बाटली आणि होडी यांच्यात जे अंतर पडले ते निव्वळ वाऱ्याचे देणे. ते त्याला किती आणि कोणत्या दिशेने, हे विनाखर्चात कळे. थवासुद्धा बराचसा पाण्याच्या ओढीबरोबर सरकतो, म्हणून थवा सापडला की तो आणखी एक बाटली तिथेच टाकी. मग होडी दूर नेऊन, वळवून, वाऱ्याच्या खालच्या अंगाने, नाक वाऱ्यात ठेवून परत येई. तसे आले की वाराच होडीचा लगाम होतो. इंजिन थोडे चालू ठेवले तर होडी जवळजवळ जागच्या जागी उभी राहते, आणि नाक पडू लागलेच तर इंजिनाचा एक आखूड झटका आणि सुकाणाची एक कळ पुरते. वाऱ्याबरोबर खाली येणारी होडी थांबवता येत नाही. ती थव्यावरून निघून जाते, आणि जाताना इंजिनाच्या आवाजाने मासे उठवते ते निराळेच.

जाळे सोडावयाचे ते वाऱ्याकडच्या कुशीने, म्हणजे होडी जाळ्यापासून दूर वाहते. उलट केले तर होडी आपल्याच जाळ्यावर चढते आणि जाळे पंख्यात जाते. जाळे सुटले की त्याचा दोर नाळेला बांधावा. मग पाण्यातले जाळेच होडीचे तोंड वाऱ्याकडे धरून ठेवते. अमेरिकेतली ती कापडी पिशवी आमच्या कोळ्याने जाळ्याच्या रूपाने केव्हापासून वापरली आहे, फक्त त्याची जाहिरात केली नाही.

हे सगळे करताना वारा एकच राहतो असेही नाही. रात्री आणि पहाटे जमिनीवरून मतलई वाहतो, दुपारी समुद्राकडून खारा येतो. मधल्या वेळी वारा पडतो आणि मग दिशा बदलतो. ओहोटीचे पाणी खाडीतून बाहेर निघत आहे आणि समोरून वारा येत आहे, अशा वेळी कुंडलिकेच्या किंवा सावित्रीच्या मुखाशी लाटा आखूड आणि उभ्या होतात. यांतले एकही पडद्यावर दिसत नाही. आणि या किनाऱ्याला वाऱ्याची ताकद सांगावयास आम्ही कशाला हवे? 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट पावसाळी वाऱ्या-लाटांत कलली, भ्यालेली माणसे एका अंगाला धावली आणि सहाशेहून अधिक जीव गेले. ती होडी नव्हती, आगबोट होती. रायगड जिल्ह्यात त्या दिवसाची आठवण असलेली घराणी अजून आहेत. कदाचित या सभेतही असतील.

आता माणसांचा हिशेब. चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. बंदर आणि मालक यांची नावे आम्ही घेत नाही, कारण भांडण व्यक्तीशी नाही. एका नौकेवर तांडेल धरून सात माणसे होती. नवे यंत्र आले. मालकाने हिशेब केला की, मासे शोधण्यात जो वेळ जाई तो वाचला, तेव्हा दोन माणसे कमी चालतील. पाच राहिली. पूर्वी तांडेल पुढे पाही आणि त्याचा जोडीदार सुकाण धरी. आता तांडेलाच्या एका हाती सुकाण आणि डोळ्यांपुढे पडदा. थंडीतला उत्तरेचा वारा होता, रात्र होती. थवा दिसला, इंजिन मंदावले, तांडेल पडद्यावर वाकला आणि होडी आडवी झाली. जाळे सोडणारा खलाशी तोल जाऊन दोरात सापडला. दोर सुटत होता. तो थांबवावयास जो मनुष्य तिथे असावयाचा तो घरी बसवलेला होता. उजव्या हाताची दोन बोटे गेली. तो मूळचा नेपाळचा. कोकणच्या बंदरांवर आता असे पुष्कळ खलाशी आहेत, ज्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तोच नोकरीच्या दिवशी. भरपाई मागावयास गेलो तेव्हा उत्तर मिळाले की, यंत्र तर सुरक्षिततेसाठीच बसवले होते.

हे उत्तर आम्हांला नवे नव्हते. कोकणातली किती माणसे गिरणगावात गेली, ते आपण जाणता. 1928 साली मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला. त्यात एक तंटा असा होता की, दोन माग चालवणाऱ्या विणकराने आता तीन चालवावेत. मालकांची बाजू ही की, व्यवस्था सुधारली आहे, तेव्हा माणसाला ते झेपेल. विणकर म्हणत होता की, तुटलेला धागा दिसतो तो डोळ्यांना, आणि डोळे वाढलेले नाहीत. गिरणीत डोळा चुकला तर कापड बिघडते. समुद्रावर काय होते, ते आताच सांगितले.

ही केवळ आमची तक्रार आहे असे समजू नये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2007 साली मासेमारीच्या कामाबद्दल 188 क्रमांकाचा करार केला, तो 2017 पासून अमलात आहे. नौकेवर सुरक्षितपणे चालवण्यास पुरतील इतकी माणसे असावीत आणि त्यांना नियमित विश्रांती मिळावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. त्यात कोठेही असे म्हटलेले नाही की, पडदा बसवला की एक माणूस वजा करावा.

काही मित्र आम्हांला सांगतात, "मग यंत्रच नको म्हणा." तसे आम्ही म्हणणार नाही. प्रखर दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारने 2017 साली बंदी घातली, ती योग्यच होती. कारण तिथे मासळीचाच निर्वंश होण्याची भीती. सोनाराचीही काही हद्द ठरवावी लागेल. अमेरिकेतल्या शर्यतवाल्यांतसुद्धा त्यावर भांडण होऊन काही स्पर्धांनी त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या आहेत. परंतु अंधारात, धुक्यात, खडकाळ तळावर खोली दाखवणारे यंत्र खलाशाचा जीवही वाचवते. खांदेरीच्या आसपास खडक कुठे आहेत, हे नव्या माणसाला ते सांगते. डिझेल जाळीत वणवण फिरणे त्याने कमी होते. ही बचत खरी आहे. प्रश्न एवढाच की, ती जाते कोणाच्या खिशात.

वाट्यावर चालणाऱ्या होडीत डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च वजा जाऊन उरलेल्याचे वाटे पडतात. होडीचा, जाळ्याचा आणि माणसांचा. आता काही मालक चौथा वाटा मागू लागले आहेत, यंत्राचा. यंत्र पैसे घालून आणले, तेव्हा त्याचे पैसे फिटेपर्यंत काही मागणे समजू शकते. पण फिटल्यावरही वाटा चालूच, आणि वर दोन माणसांचे वाटे वाचले ते निराळे, याला आम्ही व्यापार म्हणत नाही.

ज्या बंदराची गोष्ट सांगितली तिथे वर्षभर बैठका चालल्या. दोन कबुलाती झाल्या आहेत, त्याही तोंडी. पहिली ही की, ज्याच्या हाती सुकाण आहे त्याने पडदा पाहावयाचा नाही, आणि पडदा पाहणाऱ्याने सुकाण धरावयाचे नाही. म्हणजे एक गेलेला माणूस परत आला. दुसरी ही की, वाऱ्यामुळे जाळे सोडू नये असे सुकाणवाला म्हणाला तर तो शब्द शेवटचा, पडद्यावर कितीही मासे दिसोत. या दुसऱ्या कबुलातीला मालकांपेक्षा तरुण तांडेलांनीच जास्त विरोध केला, हेही सांगितले पाहिजे. त्यांना वाटले, आपला मान गेला. त्यांची समजूत त्या बाटलीवाल्या तांडेलाने घातली, आम्ही नव्हे.

यंत्राच्या वाट्याचा प्रश्न अजून तसाच आहे. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात आणि माणसे किनाऱ्यावर सापडतात. पुढची बैठक त्या दिवसांत धरली आहे.